पंपानेच उपसलेला हौद: विश्रामबागेतील एका कोई तळ्याचे प्रकरण

सांगलीच्या विश्रामबाग भागात एका बंगल्याच्या मागच्या अंगणात कोई या रंगीत शोभेच्या माशांचा हौद आहे. मे महिन्यातल्या एका रात्री त्यातले सुमारे 6,300 लिटर पाणी दोन-सव्वादोन तासांत बाहेर गेले. पाठोपाठ गच्चीवरची 1,000 लिटरची टाकीही रिकामी झाली, पंप जळाला आणि चौदापैकी चार मासे दगावले. घरची मंडळी लग्नासाठी परगावी होती. सकाळी घरकामाच्या मावशी आल्या तेव्हा मासे दहा सेंटिमीटर पाण्यात आडवे पडून कल्ले हलवत होते. मेलेले चारही सर्वांत मोठे होते.

‘पंप बंद पडला म्हणून मासे गेले’ असे पहिल्या दिवशी सगळ्यांनीच धरून चालले होते. तपासात निघाले ते असे, की पंप ठणठणीत होता आणि त्यानेच हौद उपसला. तो जळाला नंतर, उपसायला पाणी उरले नाही तेव्हा.

हौद कसा होता

विटांचे बांधकाम, आत 500 मायक्रॉनचा शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद. तासगाव, कवठेमहांकाळ, जतकडे द्राक्षबागायतदार शेततळ्याला अंथरतात तोच. लांबी 3.6 मीटर, रुंदी 2.4 मीटर, पाण्याची खोली 90 सेंटिमीटर. एका बाजूला कमळाच्या कुंड्यांसाठी 60 सेंटिमीटर रुंदीची पायरी, तिच्यावर 40 सेंटिमीटर पाणी. पायरीची जागा वजा करता एकूण पाणी सुमारे 7,050 लिटर.

तळाशी पाण्यात बुडणारा पंप, खोक्यावर ताशी 4,500 लिटर लिहिलेला. तो आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी फिल्टरच्या तोंडापर्यंत चढवताना हाच पंप ताशी 3,000 लिटरच्या आसपास देतो आणि पाइप जमिनीलगत निसटला तर 3,500. पंपातून 40 मिलिमीटरचा लवचीक पाइप कट्ट्यावरून बाहेर, मातीवर ठेवलेल्या 200 लिटरच्या पिंपातल्या फिल्टरला, तिथून कडप्प्याच्या फरशीवरून छोटा धबधबा परत हौदात. हवा मिळायची ती फक्त या धबधब्याने. पाणी कमी झाले की गच्चीच्या टाकीतून अर्ध्या इंची बॉलकॉक आपोआप भर घालायचा.

हौद पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला हा बॉलकॉक फार आवडायचा. खरी गोम त्यातच होती.

त्या रात्री काय झाले

फिल्टरच्या तोंडावरचा पाइप निसटला. त्याला एकच क्लिप होती, साध्या लोखंडाची, गंजून पट्टी पातळ झालेली. काळा पाइप दिवसभर उन्हात तापून मऊ पडत होता. शिवाय फिल्टरचे पिंप हौदाच्या विरुद्ध बाजूला कलले होते, त्यामुळे पाइपला सतत ओढ बसत होती.

पाइप निसटल्यावर पंप तेवढ्याच इमानाने पाणी अंगणात फेकत राहिला. पातळी उतरली तसा बॉलकॉक उघडला आणि घरातल्या प्यायच्या-वापरायच्या पाण्याचीही तीच वाट लागली. पंप तळाशी असल्यामुळे दहा सेंटिमीटर उरेपर्यंत त्याला अडवणारे काहीच नव्हते. अशा पंपाची मोटर भोवतीच्या पाण्यानेच थंड राहते. पाणी गेल्यावर तो कोरडा फिरला आणि वाइंडिंग जळाले. जास्त करंटला पडणारा 6 अँपियरचा एमसीबी पडला नाही, कारण 85 वॅटचा पंप कोरडा फिरताना त्याच्या जवळपासही जात नाही. आरसीसीबीही पडला नाही, कारण करंट जमिनीत गळत नव्हता. या दोन्ही खटक्यांचे काम आग आणि शॉकपासून वाचवणे आहे. पाण्याची राखण त्यांच्याकडे नाही.

माशांचा हिशेब असा. हौदात मिळून आठ-नऊ किलो मासे. उन्हाळ्याच्या पाण्यात असे मासे किलोमागे तासाला ढोबळमानाने 200 ते 300 मिलिग्रॅम ऑक्सिजन वापरतात. 30 अंशांच्या पाण्यात लिटरला फार तर साडेसात मिलिग्रॅम मावतो. उरलेल्या 700 लिटरमध्ये मिळून पाच ग्रॅम, म्हणजे दोन-अडीच तासांचा साठा. पृष्ठभागातून थोडा मिळत राहतो, म्हणून लहान मासे तगले. मोठ्यांची पाठ पाण्याबाहेर आणि अंग स्वतःच्याच वजनाखाली दबलेले.

पहिले दोन दिवस

गच्चीची टाकी रिकामी असल्याने शेजारच्या टाकीतून 500 लिटरच्या प्लास्टिक टाकीत पाणी घेतले. मासे जाळीने न उचलता ओल्या चादरीच्या झोळीतून हलवले. जाळीने खवले निघतात आणि आठवड्याभरात तिथे बुरशी धरते. टाकीत घरातल्या अ‍ॅक्वेरियमचा छोटा हवेचा पंप, दीड किलो खडेमीठ तीन हप्त्यांत विरघळवून (लिटरला 3 ग्रॅम), वर ओले गोणपाट. खाणे पूर्ण बंद.

हौद दोन सकाळी नळाच्या पाण्याने भरला. नळाच्या पाण्यातले क्लोरीन कल्ले जाळते, लिटरला 0.1 मिलिग्रॅमसुद्धा माशांना सोसत नाही. त्यावर उतारा हायपो (सोडियम थायोसल्फेट), फोटो धुणारे वापरायचे तोच. 1 मिलिग्रॅम क्लोरीन मारायला साधारण 7 मिलिग्रॅम हायपो लागतो, म्हणून 1,000 लिटरला 10 ग्रॅम हे प्रमाण नेहमीच्या पाण्याला पुरते. तो बादलीत विरघळवून पाणी सोडण्याआधी हौदात टाकायचा, नंतर नाही. खात्रीसाठी ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट करावी. ग्रामपंचायतीचे कर्मचारी नळाला करतात तीच. थेंब टाकल्यावर पिवळी छटा आली तर क्लोरीन शिल्लक आहे.

निम्मा हौद भरताच दुसऱ्या दिवशी मासे परत सोडले. हौदाचे आणि टाकीचे तापमान तीन अंशांच्या आत येईपर्यंत थांबले होते. तिसऱ्या दिवशी अमोनिया लिटरला 1 मिलिग्रॅमवर गेला. फिल्टरमधले जिवाणू त्या रात्री हवा-पाण्यावाचून मेले होते, तेव्हा हे होणारच होते. सांगली-मिरज भागातल्या बोअरच्या पाण्याचा सामू (पीएच) बऱ्याचदा चढा असतो, आणि अमोनियाच्या बाबतीत तोच घात करतो: 30 अंशांच्या पाण्यात सामू 7.5 असताना एकूण अमोनियापैकी अडीच टक्के विषारी रूपात असतो, 8.5 असताना वीस टक्के. म्हणून नुकसान झालेल्या हौदात बोअरचे पाणी न घालता हायपो घातलेले नळाचे पाणी वापरून रोज चौथा हिस्सा बदलला. मासे आठवडाभर उपाशी राहिले. कोईला त्याने काही होत नाही. मालकांनाच ते जड जाते.

गळती शोधली ती बादलीने

पाइप निसटणे हे त्या रात्रीचे निमित्त. पिंप कलले का, हा खरा प्रश्न. पिंपाखालची माती हौदाकडच्या बाजूला चिखल आणि दुसऱ्या बाजूला बोटभर रुंदीच्या भेगा, अशी होती. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. एकाच पिंपाखाली दोन्ही चालू होते. मग ती ओल आली कुठून?

हे शोधायला यंत्र लागत नाही. बॉलकॉकचा कॉक बंद करायचा. पायरीवर वीट घालून बादली ठेवायची, बादलीत हौदाच्याच पातळीइतके पाणी भरायचे, आत आणि बाहेर मार्करने खूण करायची. बादलीतले पाणी फक्त बाष्पीभवनाने उतरते. हौद त्यापेक्षा जास्त उतरला तर फरक म्हणजे गळती. बादली उघड्या जागी ठेवली तर प्रयोग फसतो, कारण तिचे पाणी जास्त तापते. ती हौदाच्या पाण्यातच बसलेली हवी.

पंप बंद ठेवून 24 तासांत बादली 8 मिलिमीटर उतरली, हौद 9. म्हणजे कागद शाबूत. पंप चालू ठेवून बादली पुन्हा 8, हौद 33. हौदाचे क्षेत्रफळ 8.64 चौरस मीटर, म्हणजे 1 मिलिमीटरला 8.64 लिटर. 25 मिलिमीटरचा फरक म्हणजे दिवसाला 216 लिटर. धबधब्याच्या तुषारांनी तीन-चार मिलिमीटर जादा उडणे मान्य, पंचवीस नाही. महिन्याचे साडेसहा हजार लिटर होतात. त्या एका रात्रीत जेवढे गेले तेवढे पाणी दर महिन्याला जमिनीत मुरत होते, आणि बॉलकॉक ते बिनबोभाट भरून काढत असल्यामुळे कुणालाच कळले नव्हते.

पाणी जात होते कडप्प्याच्या फरशीखालून. गवंड्याने फरशी बसवताना पुढे जेमतेम उतार दिला होता. जमीन खचल्यावर पाणसळ ठेवून पाहिले तेव्हा ती 60 सेंटिमीटरला 14 मिलिमीटर मागे कललेली निघाली. पाण्याची पातळ धार कडेवरून सुटून खाली पडत नव्हती. कडेला वळसा घालून फरशीच्या पोटाला चिकटत होती, पोटाने मागे सरकत कागदाच्या टोकापर्यंत येत होती आणि तिथून विटेत झिरपत होती. समोर उभे राहून पाहिले तर धबधबा छान दिसायचा. फरशीखाली बोट फिरवले तेव्हा ते ओले झाले.

दुरुस्तीत फरशी काढली. खालची काळी माती 45 सेंटिमीटर खोल उकरून मुरूम भरला आणि थर देत कुटला. कागदाचे टोक फरशीच्या मागे 15 सेंटिमीटर उभे वळवून घेतले. फरशी पुढे 10 मिलिमीटर उतार देऊन बसवली. तिच्या पोटाला पुढच्या कडेपासून दोन सेंटिमीटर आत ग्राइंडरने 6 मिलिमीटरची खाच मारली. छज्ज्याखाली गवंडी अशीच खाच ठेवतात. पाणी तिथे पोचले की थेंब सुटतो, मागे जात नाही. कागदाला कुठे छिद्र असते तर एम-सील किंवा सोल्यूशनच्या भानगडीत पडून उपयोग नव्हता, हा कागद कोणत्याच गोंदाला धरत नाही. तो गरम हवेने वेल्ड करावा लागतो आणि ते काम शेततळ्याची पोरे अर्ध्या तासात करून देतात.

दोन पाइप, एकात एक

पंप कितीही चांगल्या कंपनीचा आणला तरी पाइप कधीतरी निसटणार, जोड कधीतरी फुटणार. तेव्हा हौदातून जास्तीत जास्त किती पाणी जाऊ द्यायचे, हे आधी ठरवून तसे बांधकाम करणे एवढेच आपल्या हातात असते. इथे हद्द ठरली 30 सेंटिमीटर. वरचे 30 सेंटिमीटर म्हणजे सुमारे 2,600 लिटर गेले तरी 60 सेंटिमीटर खोलीत 4,450 लिटर उरतात आणि कोई पोहत राहतात.

सोपा मार्ग म्हणजे पंप वर उचलून ठेवणे. पण मग तळाचा गाळ तसाच राहतो, आणि कोईच्या हौदात गाळ म्हणजे आजार. म्हणून शेतीच्या पाइपच्या दुकानातून दोन तुकडे आणले. 250 मिलिमीटरचा 60 सेंटिमीटर उंच, खालून टोपण लावून बंद. पंप याच्या आत. त्याच्याभोवती 315 मिलिमीटरचा, पाण्याबाहेर दहा सेंटिमीटर निघेल इतका उंच, तळाला 5 बाय 2 सेंटिमीटरच्या आठ खाचा. पाणी खाचांतून तळाचा गाळ घेऊन शिरते, दोन पाइपांमधल्या फटीतून वर चढते आणि आतल्या पाइपात उतरते. हौद 60 सेंटिमीटरवर आला की आतल्या पाइपाच्या काठावरून पाणी येणेच थांबते.

चाचणीत आतला पाइप तरंगला. पंपाने तो आतून उपसला की 250 मिलिमीटरचा, 60 सेंटिमीटर बुडलेला पाइप जवळपास 29 किलोने वर रेटला जातो. पहिल्यांदा तळाला आठ सेंटिमीटर काँक्रीट ओतले होते, ते हलके पडले. पंधरा सेंटिमीटर केल्यावर तो बसला; अर्थात पंपाने आतले पाणी काँक्रीटच्या वर 25 सेंटिमीटरच्या खाली नेता कामा नये, तेवढ्या पाण्याचेही वजन हिशेबात धरले आहे. नवे काँक्रीट चुना सोडते आणि सामू वाढवते. ते आठवडाभर बाहेर पाण्यात ठेवून, दोन-तीनदा पाणी बदलून मगच आत घ्यावे. आणि बुडाखाली जुन्या कागदाचे दोन पदर घालावेत, नाहीतर वजनाने हौदाचा कागद टोचतो.

पंप बंद करायला जमिनीखालच्या टाक्यांना बसवतात तो दोन सेन्सरचा वॉटर लेव्हल कंट्रोलर लावला. एक सेन्सर काँक्रीटच्या वर 25 सेंटिमीटरवर, तिथे पंप बंद. दुसरा आतल्या पाइपाच्या काठाखाली पाच सेंटिमीटरवर, तिथे चालू. एकच सेन्सर असता तर काठावरून लाट आली की पंप सुरू, लगेच बंद, असे रात्रभर चालले असते आणि मोटर त्यातच गेली असती. लहान मॅग्नेटिक फ्लोट वापरायचा असेल तर तो थेट पंपाच्या वायरीत जोडू नये. त्याचे संपर्क मोटरच्या सुरुवातीच्या करंटने चिकटून बसतात. मध्ये रिले, म्हणजे मोटरचा करंट पेलणारा वेगळा स्विच, हवा.

फिल्टर आता हौदाच्या कट्ट्यावरच आहे, खाली कागदाची पन्हळ, उतार हौदाकडे. पिंप फुटले तरी पाणी हौदातच येते. पाइप कडक पीव्हीसीचा, युनियनसह (हाताने सोडता येणारा जोड). लवचीक तुकडा फक्त 30 सेंटिमीटरचा, दोन्ही टोकांना स्टेनलेसच्या दोन-दोन क्लिपा, स्क्रू समोरासमोर.

हवा वेगळी, वीज वेगळी

पंप बंद पडला म्हणून मासे मरू नयेत, तर त्यांची हवा पंपावर टांगलेली असता कामा नये. मिनिटाला 60 लिटरचा, 35 वॅटचा हवेचा पंप घरातल्या इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला. 150 अँपियर-तासांची बॅटरी निम्मी वापरली आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च धरला तरी 14-15 तास निघतात. घरातले पंखे त्याच लाइनवर चालले तर अर्थातच नाही. इन्व्हर्टर साइन वेव्ह हवा. चौकोनी लहरीवर असे पंप घुरघुरतात आणि तापतात. पंप पाण्याच्या पातळीच्या वर भिंतीला, सावलीत. खाली ठेवायचाच झाला तर नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटे नळीतून पंपात येते.

हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या तीन दगडांपैकी (एअरस्टोन) एक फिल्टरच्या पिंपात सोडला आहे, आणि ते सर्वांत मोलाचे काम आहे. उन्हाळ्यात फिल्टर तीन-चार तास बंद राहिला तर आतले पाणी कुजते आणि वीज आल्यावर तोच घाण घोट हौदात जातो. पिंपात हवा चालू असेल तर जिवाणू जगतात. हवाही बंद होती असे कळले तर पंप सुरू करण्याआधी खालचा कॉक उघडून पिंप गटारात रिकामे करावे.

पाण्याचा पंप आणि हवेचा पंप यांना 30 मिलिअँपियरचे स्वतंत्र आरसीसीबी दिले. पावसाळ्यात केबलच्या जोडात ओल शिरून एक पडला तरी दुसरा चालतो. केबलचा जोड पाण्यात किंवा मातीत ठेवूच नये; केबल अखंड, जोड भिंतीवरच्या बंद खोक्यात, वायर खालून आत. अर्थिंग तपासून घ्यावे, आणि पंपाचा स्विच बंद केल्याशिवाय हौदात हात घालू नये.

भर घालणे आता पिंपातून

बॉलकॉक काढला नाही, पण त्याला गच्चीच्या टाकीपासून तोडले. तो आता सकाळी हाताने भरलेल्या 200 लिटरच्या पिंपाला जोडला आहे. पिंपात 2 ग्रॅम हायपो. मे महिन्यात रोज 70-80 लिटर उतरतात. संध्याकाळी पिंप निम्म्याच्या खाली गेले असेल तर कुठेतरी गळते आहे. बिघाड झालाच तर नुकसान 200 लिटरवर थांबते.

कट्ट्याच्या आतल्या बाजूला पट्टी रंगवली: पाच सेंटिमीटर खाली पिवळी रेघ, पंधराला लाल. कृष्णेच्या पुरात आयर्विन पुलाखाली 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका हे सांगलीत शाळकरी पोरालाही ठाऊक असते. इथे पाणी चढण्याऐवजी उतरते, एवढाच फरक. घर बंद असताना मोबाइलचा कॅमेरा या पट्टीकडे वळवून ठेवता येतो, फक्त राउटरही इन्व्हर्टरवर हवा. अलार्म मात्र शेवटचा उपाय. रिकाम्या घरात वाजणारा अलार्म शेजाऱ्यांची झोप मोडतो, मासे वाचवत नाही.

हौदावर अडीच मीटर उंचीला 50 टक्क्यांची हिरवी शेडनेट ताणली. पाणी कमी तापते, शेवाळ कमी धरते, बाष्पीभवनही उतरते.

चाचणी आणि देखभाल

सगळे बसवल्यावर भर दिवसा पाइप मुद्दाम काढून पाहिला. पाऊण तासात हौद 90 वरून 60 सेंटिमीटरवर आला, कंट्रोलरने पंप थांबवला, हवा चालू राहिली. कमळाच्या कुंड्यांवर दहा सेंटिमीटर पाणी उरले, तेवढे त्यांना चालते.

पंप महिन्यातून एकदा उघडायचा. बोअरच्या पाण्याचे क्षार रोटरच्या दांड्यावर पांढरे धरतात, आणि एके दिवशी वीज गेल्यावर थांबलेला पंप पुन्हा फिरतच नाही. लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून रोटर अर्धा तास बुडवला की साल निघते. रोटर पुन्हा बसवताना बोटाने फिरवून पाहावा, अडखळला तर रबराचा बुश उलटा बसला आहे. हवेच्या पंपाचा रबरी पडदा दीड-दोन वर्षांत फाटतो, तो आधीच आणून ठेवावा. फरशीची पाणसळ जूनमधल्या पहिल्या चांगल्या पावसानंतर एकदा आणि ऑक्टोबर हीटमध्ये एकदा पाहायची, कारण काळी माती या दोन्ही वेळा हलते.